शेवटच्या टोलीची पारी

भंडाऱ्याला सहल म्हणून कोणी जात नाही. मीही गेले नव्हते. एक मेलेलं नेटवर्क उतरवून आणायला गेले होते. संस्थेच्या वार्षिक अहवालात माझ्या या प्रवासाला दीड ओळ मिळाली आहे: 'बंद पडलेल्या एका गावातील उपकरणे परत आणून अन्यत्र वापरात आणली.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य शुद्ध आहे. त्यात जे आलं नाही ते इथे लिहिते आहे, कारण पुण्यात ज्यांना ज्यांना हे तोंडी सांगितलं त्यांनी मला चहा पाजला आणि विषय बदलला.

थोडं आधीचं सांगायला हवं. आमची संस्था खेड्यांत इंटरनेट पोचवते. कंपन्यांना जिथे टॉवर परवडत नाही तिथे गावानेच आपलं नेटवर्क उभारावं आणि चालवावं, अशी कल्पना. 'टिकाऊ' हा शब्द आमच्या प्रत्येक पत्रकावर असतो, बहुधा वरच्या उजव्या कोपऱ्यात, एका हिरव्या पानाशेजारी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात बुडालेल्या एका गावाला सरकारने माळावर नवी वसाहत दिली, तिथे काही वर्षांपूर्वी आम्ही असं नेटवर्क उभारलं. अड्याळच्या एका दुकानाच्या गच्चीवरून थाळी-अँटेनाने ते गावाच्या समाजमंदिरावर घ्यायचं, आणि तिथल्या एका डब्यातून तीन वस्त्यांत वाटायचं. सगळं चालायचं सौर पत्र्यावर आणि एका बॅटरीवर. गावाचं नाव लिहीत नाही. ते नाव ज्याचं होतं ते गाव पाण्याखाली आहे, आणि त्या लोकांना पुरेसे लोक येऊन पाहून गेले आहेत.

नेटवर्क कोणत्या गावात जिवंत आहे हे पुण्यात बसून कळावं म्हणून आमच्याकडे संगणकाचा एक पडदा आहे. गाव दिवसाचे बहुतेक तास चालू असेल तर नावासमोर हिरवी टिकली. निम्म्याहून जास्त तास बंद असेल तर लाल. सलग सहा महिने लाल राहिलं तर गाव मृत समजायचं आणि सामान परत आणायचं. ही अट मी गेल्या वर्षी लिहिली. एका दुपारी, वातानुकूलित खोलीत, वीस मिनिटांत. पुढे कामी येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

कारधा

भंडारा रोड स्टेशनला उतरून जीप ठरवली आणि पुलापलीकडे कारध्याला नाश्त्याला थांबले. पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओतून देतात. पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरवून लिंबाची फोड ठेवतात आणि त्याला नाश्ता म्हणतात. इथला तो नाश्ता एका घासात कान लाल करतो. मी ठसका लागून रडवेली झाले. टपरीवाल्या बाईने न मागता साखर हातावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, धरन पाहाले आल्या का?"

"नाही, कामाला."

"मंग बरं," ती म्हणाली. "पाहाले येनारे लय फोटो काढतात."

खाली वैनगंगा धुक्यात पडून होती. थंडी चांगली होती. धान कापून झालं होतं, बांध्यांमधून, म्हणजे इथल्या खाचरांतून, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते आणि ओलाव्यावर टाकलेली लाखोळी हिरवी वर आली होती. एका पिकाच्या पायाशी दुसरं पीक पेरून ठेवतात इथे, वेगळं पाणी न देता. मला ते फार सुंदर वाटलं आणि मी फोटो काढला. बाईचं वाक्य नंतर आठवलं.

अड्याळ

अड्याळला त्या दिवशी बाजार होता. वांगी, सुके झिंगे, दोर, कुलपं, स्वेटर, सगळं एकाच रस्त्यावर, आणि मधून जीप कशी जाते ते जीपवाल्यालाच ठाऊक. ज्याच्या गच्चीवर आमची एक थाळी बसवली होती त्या कापडवाल्याला मी आधी भेटले. म्हटलं, "तुमच्या इथली थाळीही उतरवावी लागेल. गावातलं नेटवर्क बंद पडलंय."

"बंद?" तो मीटरने कापड मोजत होता, थांबला. "मी तं रोज सकारी वर जातो, फुलझाडाईले पानी देतो. दिवा लुकलुकून राहते."

मी त्याला समजावलं की दिवा लुकलुकणं म्हणजे नेटवर्क चालू असणं नव्हे. वीज आहे एवढाच त्याचा अर्थ. तो "हाव, असन" म्हणाला आणि पुन्हा मोजायला लागला. मी मनात त्याची थोडी कीवही केली. ती कीव आज आठवली की तोंड कडू होतं.

मग आम्ही रस्ता चुकलो. चुकलो म्हणण्यापेक्षा फसलो, कारण पुनर्वसनाच्या वसाहती सगळ्या एका साच्यातल्या. तेच सरळ रस्ते, तीच निळी पाटी, तीच पाण्याची टाकी, तेच समाजमंदिर. भलत्याच वसाहतीत मी समाजमंदिराच्या गच्चीवर चढून खांब शोधत होते आणि खाली माणसं जमून वर पाहत होती. शेवटी एक म्हातारा ओरडला, "बाई, काय हरपलं?" मी म्हटलं, टावर. तो म्हणाला, "आमच्यापासी नव्हताच." सगळे हसले. मीही हसले, पण खाली उतरताना चप्पल तुटली आणि पुढचे दोन दिवस ती मी सुतळीने बांधून वापरली.

गाव, दुपार

पंचफुलाबाई समाजमंदिराच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. पन्नाशीच्या, उभ्या बांध्याच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहणाऱ्या. नेटवर्क सुरू केलं तेव्हा गावाने त्यांच्याकडे डब्याची किल्ली दिली होती. किल्ली अजून पदराच्या गाठीत होती.

"आल्या का," त्या म्हणाल्या. "फोनवर म्हनत होते कोनीतरी येनार. जेवून घ्या पयले."

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्यात घातलेले झिंगे. त्या वाढत राहिल्या आणि मी नाही म्हणायचं विसरले. हात धुतल्यावर मात्र मी कामाचा आवाज काढला. म्हटलं, नेटवर्क किती महिन्यांपासून बंद आहे? बॅटरी गेली का? कळवलं का नाही?

"बंद?" कापडवाल्याचाच स्वर. "बंद काहून राहीन? चालू करतो ना रोज."

त्या मला डब्यापाशी घेऊन गेल्या. डब्यातून तीन वस्त्यांकडे जाणाऱ्या तीन वायरी. तिन्हींच्या टोकांना तीन रंगांच्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. पंचफुलाबाईंनी किल्ली लावली, हात आत घातला आणि मी सोळा वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती ती गोष्ट दाखवली. दोन वायरी काढायच्या, एक ठेवायची. एका तासाने ती काढायची, दुसरी लावायची. असे सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. उरलेला वेळ सगळंच बंद. डब्याला गावात 'तुडुम' म्हणतात. तलावाचं पाणी शेताकडे सोडायचं जे दार असतं त्याला इकडे तुडुम म्हणतात, ते नाव. आणि पाळीला म्हणतात पारी.

"ही रीत कोणी घालून दिली?" मी विचारलं.

"कोनी म्हंजे? देवाजीनं."

देवाजी हे सत्तरीपुढचे गृहस्थ. बुडालेल्या गावात मोठा जुना तलाव होता, त्याचं पाणी सोडायचं काम त्यांच्या घराकडे होतं. तलाव गेला, धरणाच्या पाण्यात तळाशी जाऊन बसला, पण पाणी कसं वाटायचं ते ज्ञान देवाजींकडेच राहिलं आणि त्याला वाटायला काही उरलं नाही. आम्ही डबा आणला तेव्हा पहिल्या महिन्यात गावात भांडणं झाली. समाजमंदिराजवळची मधली वस्ती दिवसभर सिनेमे बघायची आणि टोकाच्या वस्तीत, ढिवर टोलीत, फोनवरचं चक्र नुसतं फिरत राहायचं. शिवाय बॅटरी दुपारीच मान टाकायची. तेव्हा देवाजींनी सांगितलं, पारी लावा.

"पयली पारी सेवटच्या टोलीची," ते मला म्हणाले, जणू शाळेत नवं आलेलं मूल समजावत आहेत. "सेवटच्या बांदीले पयले पानी द्याचं. जाताना ते वरच्याच्या डोऱ्यासमोरून जाते. त्याले मालूम रायते, आपली पारी मांगून हाये. वरच्याले पयले देलं, तं खाली कधी पोचतच नाई."

"आणि बॅटरी?"

"तुडुम उघडं ठेवून झोपलं तं तलाव रायते का वो?"

पुण्यात माझी सोसायटी नऊ मजल्यांची आहे. पाणी कमी दाबाने आलं की वरच्या मजल्यावरचे आणि खालचे एकमेकांना लिफ्टमध्ये ओळख देत नाहीत. प्रत्येकाचं स्वतःचं वायफाय आहे, आणि पाहुणा आला तरी पासवर्ड देताना लोक जरा खाकरतात. हे सगळं मला तिथे आठवलं, पण त्याहून वाईट आठवलं ते दुसरंच. आमच्या बाकीच्या सगळ्या गावांत बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या. त्यांनी तक्रारी केल्या, आम्ही नव्या बॅटऱ्या पाठवल्या, टिकल्या हिरव्या झाल्या. फक्त या गावाने काही मागितलं नव्हतं. म्हणून आम्ही समजलो की ते मेलं.

त्यांचं नेटवर्क दिवसाचे अठरा तास बंद असायचं, आणि म्हणूनच ते जिवंत होतं.

"तुम्ही हे आम्हाला का सांगितलं नाही?" मी पंचफुलाबाईंना विचारलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा चिडका आला.

त्यांना खरंच नवल वाटलं. "कायले सांगाचं? पानी सोडताना कोनी साहेबाले इचारते का?"

ढिवर टोली

संध्याकाळच्या पारीला मी टोकाच्या टोलीत गेले. ही मासेमारांची वस्ती. सरकारने आखलेल्या ओळी सोडून पाण्याच्या जवळ सरकत सरकत खाली गेलेली. समोर धरणाचं पाणी, त्यात मेलेल्या झाडांचे शेंडे, आणि काठावर मासेमारीचे डोंगे उलटे घालून ठेवलेले. मोबाईलची रेंज इथे येतच नाही. वर समाजमंदिराशी टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर पंचफुलाबाईंनी ठोका दिला, आणि टोलीतल्या बायका आपापल्या ओट्यावर येऊन बसल्या. कोणी हैदराबादकडे कामाला गेलेल्या नवऱ्याशी बोलत होती, कोणी नातवाचं तोंड बघत होती. एका तासात सगळ्यांचं सगळं उरकायचं, म्हणून बोलणं भरभर, बिनपाल्हाळ. आम्ही पुण्यात फोनवर इतकं मोजकं बोललो तर लोक विचारतील की रागावलात का.

एकटी सरिता कोणाशी बोलत नव्हती. ही टोलीतली सून, तेविशीची. लग्नात बारावी सुटली होती, ती आता घरी बसून पुरी करत होती. पारीच्या तासात ती धडे फोनमध्ये उतरवून घ्यायची आणि दिवसभर जाळी विणता विणता ते ऐकायची.

"परीक्षा कधी?"

"दोन महिन्यानं. बारा धडे रायले," ती म्हणाली. मग एकदम, "म्हनतात तुम्ही टावर न्याले आल्या. खरं हाये का वो?"

मी म्हटलं, बघू. माणसाला खोटं बोलायचं नसतं तेव्हा तो हा शब्द वापरतो.

मी टेकाडावर चढून, जिथे कंपनीची एक रेघ रेंज येते तिथून, पुण्याला फोन लावला. आमच्या सरांना सगळं सांगितलं. तलाव, पारी, बॅटरी, शेवटची टोली. सांगताना मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं घेऊन परत चालले आहे. सरांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नाहीत.

"छान आहे हो," ते म्हणाले. "लिहून काढा. पण सामानाचं काय? ते आपण दुसऱ्या गावाला द्यायचं कबूल केलंय. शुक्रवारी तिथे उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत."

"सर, पण हे गाव चालू आहे."

"पडद्यावर तर लाल आहे. सहा महिन्यांपेक्षा जास्त."

"ती अटच चुकीची आहे."

मग ते म्हणाले, "मॅडम, अट तुमचीच आहे ना?"

मी नकार देऊ शकले असते. हे मला मान्य करायचं आहे, कारण नंतर लोक 'वरून आदेश होता' असं म्हणतात आणि झोपतात. मी म्हणू शकले असते की थाळी निघेना, नट गंजले आहेत, पाना आणायचा राहिला. पण मी सोळा वर्षं नोकरी केली आहे आणि वेळेवर काम उरकणारी म्हणून माझं नाव आहे. ते नाव मला त्या टेकाडावर सोडवेना.

दुसरी सकाळ

पंचफुलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एक गाव बुडवलं तवा बी असेच कागद घेऊन आलते. ते बी जेवूनच गेले."

मी शिडी लावली. त्यांनी हात धरला.

"सेवटच्या टोलीची पारी हाये आत्ता. होऊ द्या. मंग काढा."

सरिता खालून धावत आली होती. डब्याशेजारी वेग जास्त येतो हे तिला ठाऊक होतं. ती पायरीवर बसली, फोन दोन्ही हातांत धरून, आणि त्यावरची निळी रेघ हळूहळू पुढे सरकताना पाहू लागली. मी खांबाशी पाना घेऊन उभी. तास संपला तेव्हा तीन धडे उतरले होते.

मग शाळेकडच्या ओळीतली, दुसऱ्या वस्तीची माणसं आली. त्यांची पारी. देवाजी त्यांच्यातलेच. त्यांनी सरिताकडे पाहिलं आणि पंचफुलाबाईंना म्हणाले, "आमची पारी तिले." तलावावरही असं चालायचं म्हणे. ज्याच्या पिकाची घडी आली असेल त्याला दुसऱ्याने आपलं पाणी द्यायचं. मधल्या वस्तीतला, एके काळी दिवसभर सिनेमे पाहणारा एक जण मागून म्हणाला, "आमची बी."

दोन धडे आणखी उतरले. दारात जीपवाल्याने भोंगा वाजवला. भंडारा रोडहून माझी गाडी होती. डब्याच्याच नेटवर माझा फोन कुरकुरला: 'निघालात का?' मी सरिताला विचारलं, "किती राहिले?"

"सात," ती म्हणाली. मान वर केली नाही.

त्या गावाने तिला आपल्या दोन पूर्ण पाऱ्या दिल्या होत्या, आणि मी घड्याळ पाहिलं. मी शिडीवर पाय ठेवला.

"थांबा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुडुम बंद आमीच करतो. बाहेरच्या मानसानं नाई कराचं." त्यांनी पदराची गाठ सोडली, डबा उघडला आणि चिंधी बांधलेली ती एक वायर काढली. मग बाहेर जाऊन लोखंडाच्या तुकड्यावर ठोका दिला, रोजच्यासारखा. सरिताच्या फोनवरची निळी रेघ अर्ध्यात थांबली.

थाळी मी उतरवली. नट गंजलेले नव्हते. कोणीतरी नेमाने तेल दिलं होतं. डबा पंचफुलाबाईंनी स्वतः पुसला, तिन्ही वायरी चिंध्यांसकट गुंडाळून आत ठेवल्या आणि वर किल्ली ठेवली. जीपमध्ये मी बसल्यावर त्या खिडकीशी आल्या.

"जिथं हे लावान," त्या म्हणाल्या, "तिथं सेवटी कोन रायते ते पयले इचारजा. त्याईले पयली पारी द्या म्हना."

मी हो म्हणाले.

पुणे

डबा आता एका नव्या गावात आहे. शुक्रवारी पाहुणे आले, फीत कापली, पुष्पगुच्छ झाले. त्या गावातल्या बहुतेक घरांत आधीपासूनच कंपनीची वायर आहे. म्हणून डबा ग्रामपंचायतीत एका काचेच्या कपाटात ठेवला आहे, रात्रंदिवस चालू, विजेवर. गेल्या बैठकीत सरांनी पडदा लावला आणि त्या गावासमोरची टिकली दाखवली. हिरवीगार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर आणखी एक कोपरा आहे, तिथे किती माणसं जोडलेली आहेत ते दिसतं. तो कोणी उघडत नाही. मी उघडला. शून्य.

अट बदलावी म्हणून मी टिपण दिलं आहे. ते पुढच्या बैठकीत घेणार आहेत. त्या गावात शेवटी कोण राहतं, ते मी अजून विचारलेलं नाही. डब्यातल्या चिंध्या नव्या गावातल्या माणसाने काढून टाकल्या, ओंगळ दिसतात म्हणून.

सरिताची परीक्षा होऊन गेली असेल. तिने सात धड्यांचं काय केलं, पास झाली की नाही, हे विचारावं म्हणून मी पाच-सहा वेळा फोन केला. फोन लागत नाही.